बर्मीज मांजराचं ओरडणं थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, तेव्हा काय तपासावं

बर्मीज पाळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. मांजर रात्री ओरडायला लागतं, घरचे हैराण होतात, काहीतरी उपाय करतात, चार दिवस शांतता मिळते आणि मग पुन्हा तेच. उपायही ठरलेले: खाणं बदललं, खोलीचं दार लावून घेतलं, नवं खेळणं आणलं, कोणी सांगितलं म्हणून दिवा चालू ठेवला. प्रत्येक उपायाने थोडा वेळ फरक पडल्यासारखा वाटतो, म्हणूनच नेमकं कारण सापडायचं राहून जातं.

माझ्या मते आवाज बंद करण्याच्या मागे लागू नये. बर्मीज बोलकं असतं, ते बोलणारच. पाहायचं ते हे की त्रास परत कधी येतो. रोज ठराविक वेळी येतो का? दोन-तीन आठवड्यांनी येऊन आठवडाभर राहतो का? तुम्ही घराबाहेर पडलात की सुरू होतो का? खाताना किंवा अंग चाटताना होतो का? की मधे न थांबता हळूहळू वाढतच चाललाय? प्रत्येकामागचं कारण वेगळं आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

त्यासाठी आठवडा-दोन आठवडे नोंद ठेवा. ओरडणं किती वाजता सुरू झालं, त्याआधी घरात काय चाललं होतं, मांजर कुठे आणि कसं उभं होतं, आणि त्यावर तुम्ही काय केलंत. यातलं शेवटचं लोक लिहीत नाहीत आणि निम्मं उत्तर तिथेच असतं. जमेल तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांच्या टेबलावर मांजर हमखास शहाण्यासारखं वागतं.

एक प्रसंग मात्र नोंदीसाठी थांबण्याचा नाही. बोका पुन्हा पुन्हा लिटर ट्रेमध्ये जातोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लघवी थेंबभरच होतेय किंवा होतच नाहीये, तर तडक डॉक्टरकडे न्या, मध्यरात्र असली तरी. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. बद्धकोष्ठ असेल असं समजून सकाळपर्यंत थांबू नका.

रोज पहाटे, त्याच वेळी

मांजर मुळातच पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं असणारा शिकारी प्राणी. साडेचार-पाचला त्याला जाग येणं हा बिघाड नाही. बिघाड पुढच्या पाच मिनिटांत होतो. ते ओरडतं, तुम्ही उठता, दोन शब्द सुनावता आणि शेवटी वाटीत मूठभर खाणं टाकून परत झोपता. हा हिशेब बर्मीजच्या डोक्यात फार लवकर पक्का बसतो. काहींना तर खाणंही नको असतं. तुम्ही उठलात, त्याच्याकडे बघून रागावलात, एवढंही त्यांना पुरतं.

मग एक दिवस तुम्ही ठरवता की आता उठायचं नाही. बक्षीस बंद झालं की ओरडणं आधी वाढतं आणि मगच उतरतं. हे ठाऊक नसेल तर पहिल्या काही रात्रींतच वाटायला लागतं की उपाय उलटलाय, आणि नेमकं तेव्हा घरातलं कोणीतरी विरघळतं. त्या रात्री उठलात तर मांजर शिकतं की अर्ध्या तासाने भागत नाही, तासभर लावून धरावं लागतं. शिवाय कधी मिळतं, कधी मिळत नाही अशी सवय सगळ्यात चिवट असते. ‘मधे बरं होतं, पुन्हा सुरू झालं’ असं सांगितलं जातं, त्यातली बरीचशी प्रकरणं याच जातीची. घरात चार माणसं असतील तर चौघांनी एकच नियम पाळायचा. आजीचा अपवाद चालत नाही, आणि आजीच बहुधा फितूर असते.

सोपा मार्ग म्हणजे खाणं आणि तुम्ही यांची फारकत करणं. वेळ लावून उघडणारा फीडर घ्या आणि मांजर ओरडायला लागतं त्याच्या थोडं आधी तो उघडेल असं करा. मांजर तुमच्या उशाशी बसायचं सोडून फीडरपाशी जाऊन बसतं. त्याची सवय झाली की वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकवता येते. त्याच्या जोडीला झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दमवणारा खेळ आणि लगेच दिवसातलं शेवटचं जेवण. पाठलाग, झडप, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याच्या शरीराचाच क्रम आहे. लेझरचा ठिपका वापरत असाल तर शेवटी काहीतरी खरोखर पंजात सापडू द्या, नाहीतर खेळ संपला तरी मांजर चिडचिडंच राहतं.

फीडरमधलं खाणं दिवसभराच्या वाट्यातूनच काढायचं, वरचं नाही. चार-साडेचार किलोच्या, घरातच राहणाऱ्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. बर्मीजच्या बाबतीत हे काटेकोरपणे सांगायचं कारण म्हणजे मधुमेह. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या बर्मीजमध्ये तो इतर मांजरांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि लठ्ठपणाने धोका आणखी वाढतो. हे मांजर दिसतं त्यापेक्षा जड आणि घट्ट स्नायूंचं असतं, त्यामुळे नजरेचा अंदाज चुकतो. दर महिन्याला वजन करा आणि बरगड्या बोटांना लागतात का ते बघा.

भूक अचानक वाढली, पाणी जास्त प्यायलं जातंय, लिटरमधले ओले गोळे मोठे झालेत आणि तरी वजन उतरतंय, तर पहाटेचं ओरडणं ही सवय नाही, खरी भूक आहे. रक्त-लघवी तपासून घ्या. मधुमेह बराच पुढे गेला की मांजर मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवून चालायला लागतं.

दोन-तीन आठवड्यांनी येतं, आठवडाभर टिकतं

नसबंदी न झालेली मादी असेल तर ती माजावर येते आहे. आवाज घशातून ओढलेला आणि लांबट, लोळणं, फरशीवर अंग घासणं, पाठीवरून हात फिरवला की पुढचं अंग खाली, मागचं वर, शेपटी एका बाजूला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की मांजराला कुठेतरी भयंकर दुखतंय. बर्मीज माद्या लवकर वयात येतात, त्यामुळे ‘अजून पिल्लूच आहे’ म्हणून लोक गाफील राहतात. माज दिवसाच्या उजेडावर अवलंबून असतो आणि घरातले दिवेही उजेडातच मोजले जातात. रात्री उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या घरात माजाचा हंगाम वर्षभर चालू राहू शकतो.

उपाय नसबंदी, आणि ती डॉक्टरांना विचारून वेळेत, चार-पाच महिन्यांच्या सुमारासच करून घ्यावी. माज दाबायला हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं देत बसू नका. त्यांनी गर्भाशयात पू होणं आणि स्तनांच्या गाठी यांचा धोका वाढतो. नसबंदी न झालेला बोकाही ओरडतो, पण त्याच्या जोडीला भिंतीवर फवारे आणि दाराशी धडका असतात, त्यामुळे तो ओळखायला सोपा.

नसबंदी झालेल्या मादीत हेच चित्र, हेच अंतर राखून परत आलं तर ‘सवयीने करत असेल’ म्हणून सोडून देऊ नका. अंडाशयाचा छोटासा तुकडा आत राहिला असेल तर असं होतं, आणि ते शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही दिसू शकतं. लक्षणं चालू असतानाच डॉक्टरकडे न्या. हार्मोनची तपासणी तेव्हा जास्त उपयोगी पडते. राहिलेला तुकडा काढला की प्रश्न संपतो.

घर रिकामं झालं की, दार लागलं की

हा बर्मीजचा खास प्रांत. या जातीची आधुनिक वंशावळ वाँग माउ नावाच्या एका छोट्या तपकिरी मांजरीपासून सुरू होते. १९३० मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोला डॉ. जोसेफ थॉम्प्सन यांच्याकडे पोहोचली. तिचा जोडीदार ताइ माउ हा सयामी बोका होता, आणि पुढच्या पिल्लांवरून ध्यानात आलं की ती स्वतःही अर्धी सयामीच होती. सयामीचा बडबडेपणा बर्मीजमध्ये आला तो असा घरातूनच. फक्त बर्मीजचा आवाज जरा खालच्या पट्टीतला आणि घोगरा.

माणसाशिवाय न करमणं हा या मांजराचा पिंड आहे. तुम्ही स्वयंपाकघरात तर ते ओट्याखाली, तुम्ही बाथरूममध्ये तर ते दाराच्या फटीतून पंजा घालून, तुम्ही फोनवर तर तेही मधे मधे बोलतंय. फेकलेली वस्तू उचलून आणणं, कपाटाचं दार ओढून उघडणं, खांद्यावर चढून बसणं हे म्हातारपणापर्यंत चालतं. ज्याला सोफ्याच्या कोपऱ्यात शोभेसारखं बसणारं मांजर हवंय त्याने बर्मीज घेऊच नये, असं मी स्पष्ट सांगतो. लोकांना राग येतो, पण नंतर मांजर दुसऱ्याला देऊन टाकण्यापेक्षा तो परवडला.

आता असं मांजर दिवसाचे नऊ-दहा तास एकटं ठेवलं, तर ते दिवसभर झोपा काढतं आणि तुम्ही आलात की त्याचा दिवस उजाडतो. रात्री तुम्ही झोपायला जाता तेव्हा त्याच्या हिशेबी संध्याकाळ झालेली असते. त्यावर तुम्ही बेडरूमचं दार लावून घेता. अशा घरात रात्रीचे कितीही उपाय केले तरी त्रास परत येतो, कारण बिघडलाय तो दिवस. सुट्टीच्या दिवसांत मांजर शांत आणि कामाचा आठवडा सुरू झाला की पुन्हा ओरडणं, असा आलेख नोंदीत दिसला तर दुसरं कारण शोधायची फारशी गरज नाही.

दिवस भरायचा कसा? खाणं वाटीत न देता त्यातला काही भाग घरात लपवून ठेवा, किंवा पंजाने ढकलून दाणे काढावे लागतात अशा खेळण्यात घाला. खिडकीशी उंच बैठक करा, जाळी पक्की बसवून. खेळणी सगळी एकदम पसरून ठेवू नका. दोन-तीन बाहेर, बाकी कपाटात, आणि चार दिवसांनी बदल. घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं मांजराची, मग बाकीचं. बेडरूममध्ये घ्यायचं की नाही हे एकदाच ठरवा. माझं विचाराल तर बर्मीजला घ्या. पांघरुणात शिरून ते रात्रभर गप पडून राहतं. घ्यायचं नसेल तर कधीच घेऊ नका. थंडीत हो आणि उन्हाळ्यात नाही, हा खेळ मांजराला कळत नाही. उबेवरून आठवलं: वॉशिंग मशीन आणि ड्रायर सुरू करण्याआधी आत हात घालून बघत जा. उबदार कपड्यांचा ढीग म्हणजे बर्मीजची हक्काची जागा.

एकटेपणाला दुसऱ्या मांजराची सोबत हा चांगला उतारा आहे, आणि सुरुवातीपासून एकाच वेतातली दोन पिल्लं आणली तर फारच चांगला. मोठ्या बर्मीजला नंतर जोडीदार आणायचा असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बर्मीजचा स्वभाव दादागिरीचा असू शकतो, म्हणून फार बुजरं मांजर आणू नका. आणि दोघांना पहिल्याच दिवशी समोरासमोर सोडू नका. नवं मांजर वेगळ्या खोलीत, त्याच्या अंथरुणाचा वास याला आणि याच्या अंथरुणाचा त्याला, मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग दार किंचित उघडं. दिवस लागतात, कधी आठवडे लागतात. लिटर ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. तुमच्याकडे मांजरासाठी दिवसातून तासभरही निघत नसेल तर दुसरं मांजर आणून प्रश्न सुटत नाही. एकाच्या जागी दोघं ओरडतात.

याच कंटाळ्यातून काही बर्मीज लोकर आणि कापड चोखतात, काही चक्क खातात. चोखण्याने मोजे खराब होतील, पण गिळण्याने आतडं तुंबतं. लोकरीच्या वस्तू बंद कपाटात ठेवा, चावायला दुसरं काहीतरी द्या. उलट्या होऊन खाणं बंद झालं तर वाट पाहू नका. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. आत अडकलेला असेल तर आतडं कापलं जातं.

खाताना, चाटताना, एकदम किंचाळून

हे निराळं प्रकरण आहे आणि बर्मीज पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवं. मांजर खाता खाता थबकतं, जीभ विचित्र बाहेर काढून चाटल्यासारखं, चघळल्यासारखं करत राहतं, पंजाने तोंड ओरबाडतं, किंचाळतं. त्रास बहुधा एकाच बाजूला असतो. काही वेळाने सगळं थांबतं आणि मांजर काही झालंच नाही असं फिरायला लागतं. जोरात झटका आला तर ते जीभ आणि गाल फाडून घेतं.

ही चेहऱ्याच्या मज्जातंतूंची वेदना आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी ११३ मांजरं होती आणि त्यातली १०० बर्मीज. कायमचे दात येतात त्या वयात, म्हणजे साधारण चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यात, पहिला झटका येऊ शकतो. दात येऊन गेले की त्रास ओसरतो आणि लोक विसरून जातात. पुढे काही वर्षांनी दात किडले, हिरड्या सुजल्या किंवा तोंडात व्रण आला की तो परत येतो. घरातला ताणही झटके आणू शकतो: नवं मांजर, पाहुण्यांची गर्दी, घर बदलणं.

व्हिडिओ खरा कामाला येतो तो इथे. तो पाहिल्याशिवाय बऱ्याचदा ‘घशात काहीतरी अडकलं असेल’ इथपर्यंतच गाडी जाते. भूल देऊन तोंडाची पूर्ण तपासणी आणि दातांचे एक्स-रे करून घ्या, कारण मुळाशी दुखरा दात असेल तर त्यावर इलाज केल्याशिवाय बाकीचं टिकत नाही. वेदना मज्जातंतूंची असल्याने साधी वेदनाशामकं बऱ्याचदा पुरत नाहीत. डॉक्टर फिट्सवर देतात तशी औषधं वापरतात आणि त्यांचा डोस तेच ठरवतील. झटका चालू असताना मांजर स्वतःला फाडत असेल तर गळ्याभोवती शंकूच्या आकाराची कॉलर घाला किंवा पुढच्या पंजांना पट्टी गुंडाळा आणि निघा. घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. माणसाची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

येऊन-जाऊन अशक्तपणा

ओरडणं कमी आणि लुळेपणा जास्त, असं दोन ते सहा महिन्यांच्या पिल्लात दिसलं तर रक्तातलं पोटॅशियम बघायला सांगा. मान खाली झुकून हनुवटी छातीला टेकलेली, ताठर चाल, उडी मारता येत नाही, आणि मग आपोआप बरं. हा आजार आनुवंशिक आहे. त्याला कारणीभूत असलेला डब्ल्यूएनके४ जनुकातला दोष २०१२ मध्ये सापडला. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. झटका नसताना पोटॅशियम नॉर्मल येऊ शकतं, म्हणून एका चांगल्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. जनुकीय चाचणी सांगा. पोटॅशियम पोटातून दिलं की बहुतेक पिल्लं सावरतात. पिल्लू घेतानाच ब्रीडरकडे आई-बापांच्या या चाचणीचे रिपोर्ट मागा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

म्हातारं मांजर, वाढत जाणारा आवाज

बर्मीज चांगलं जगतं. ब्रिटनमधल्या मांजरांच्या आयुर्मानाच्या २०२४ च्या तक्त्यांत ही जात सर्वांत दीर्घायुषी जातींपैकी आहे, सुमारे १४.४ वर्षं. त्यामुळे म्हातारपणाचं ओरडणंही बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. ते मधे थांबत नाही, महिन्यागणिक वाढतं. दहाच्या पुढच्या मांजरात त्याला ‘वयोमानानुसार’ म्हणण्याआधी थायरॉइड, मूत्रपिंडं आणि रक्तदाब तपासा. खातंय भरपूर आणि वाळत चाललंय, सोबत रात्री आरडाओरडा, हे वाढलेल्या थायरॉइडचं नेहमीचं रूप. रक्तदाब लोक हमखास विसरतात. तो फार वाढला तर डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊन मांजर एकाएकी आंधळं होऊ शकतं, आणि मग ते अंधारात भिंतींना धडकत हाका मारत फिरतं. पायाला किंवा शेपटीला छोटी पट्टी बांधून रक्तदाब मोजता येतो. डॉक्टर स्वतःहून म्हणाले नाहीत तर तुम्ही म्हणा.

तपासण्यांत काही निघालं नाही तर ऐकू कमी येणं आणि रात्री गोंधळून जाणं ही कारणं उरतात. अशा मांजरासाठी फर्निचर हलवू नका. लिटर ट्रे त्याच्या झोपण्याच्या जागेजवळ आणा, ट्रेची कड बुटकी असू द्या, आणि वाटेवर मंद दिवा ठेवा. पहाटेच्या खाण्यासाठी ओरडणाऱ्या तरुण मांजराकडे दुर्लक्ष करायचं असतं, पण याच्याकडे नाही. उठून जवळ जा, अंगावर हात ठेवा आणि परत त्याच्या जागेवर आणून झोपवा.